नात्याचा रकाना

मतदार यादीला कोणी वाङ्मय म्हणणार नाही. पण यंदाच्या सुट्टीत मी ती कादंबरीसारखी वाचून काढली, आणि पात्रेही भरपूर भेटली.

आमच्या डोंबिवली विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक 143. यादीत प्रत्येकाची एक चौकट: नाव, घर क्रमांक, वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. हा नात्याचा रकाना मोठा गमतीचा! त्यातला माणूस बहुधा त्याच यादीत दुसऱ्या चौकटीत बसलेला असतो. संगणक शिकणारा माझा मावसभाऊ म्हणाला, "यादी एकच, पण दोन हातांत तिच्या दोन प्रती आहेत असं समज. डावीकडच्या पतीचं नाव उजवीकडे शोध." संगणकात नात्याच्या जागी क्रमांक घालतात, त्यामुळे घोटाळा होत नाही. इथे नुसते नाव. एका गल्लीत एकाच नावाचे तीन गृहस्थ निघाले की घर क्रमांकाला शरण जायचे.

आजोबांना जाऊन चार वर्षे झाली. त्यांची चौकट रीतसर वगळली गेली, पण आजीच्या चौकटीत ते अजून आहेत. शोधायला जावे तर पलीकडे कोणी नाही. आत्याचे उलटे. ती लग्न होऊन कल्याणला गेली, नात्याच्या रकान्यात यजमान आले. यादीच्या लेखी ती आता आमची कोणीच नाही.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत याहून मोठे घडले होते. सुमारे 28 लाख स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात त्या नोंदी वगळल्या गेल्या. नात्याचा रकाना भरलेला, नावाचा रिकामा, म्हणून मत नाही. यातल्या बहुतेक जणी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थानकडच्या, हे वाचून मला उगीचच जरा बरे वाटले.

आजीला विचारले, "पतीचं नाव बदलून वडिलांचं घालायचं का?"

"राहू दे. त्यापेक्षा जुन्या चाळीतल्या आमच्या शेजारीणबाई कुठं सापडतात का बघ."

"नाव काय त्यांचं?"

आजी बराच वेळ आठवत राहिली. बावीस वर्षांचा शेजार.

"गोट्याची आई," ती म्हणाली.