डॉट इनच का?

व्यवसायासाठी वेबसाइटचं नाव नोंदवायचं म्हटलं की पहिला हट्ट डॉट कॉमचा असतो. ज्यांचं गिऱ्हाईक भारतातच आहे, त्यांना मी आधी डॉट इन घ्यायला सांगतो, आणि यात देशाभिमानाचा काही भाग नाही. हे नाव आपण विकत घेत नाही. ते वापरायचा हक्क ठरावीक मुदतीसाठी मिळतो, एका वेळी फार तर १० वर्षं. मग खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की उद्या कुणी आपल्या नावावर डल्ला मारला तर दाद कुठे मागायची? डॉट इनचा कारभार ‘निक्सी’ या भारतीय संस्थेकडे आहे आणि तंट्यांसाठी त्यांची स्वतःची लवादाची पद्धत आहे. नाव आपल्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी फसवं साम्य राखतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि हेतू वाईट आहे, एवढं पटवून दिलं की नाव आपल्याकडे वळवून मिळतं. सगळं भारतात, भारतीय कायद्याखाली.

यावर कुणी म्हणेल, आपली न्यायालयं डॉट कॉमलाही संरक्षण देतात. देतात ना! २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’ या इंटरनेट कंपनीच्या बाजूने जो निकाल दिला, तो डॉट कॉमच्याच नावांचा होता. पण तिथे दोन्ही पक्ष भारतातले होते. नाव बळकावणारा परदेशात बसलेला असेल, तर कोर्टाचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉट इनसारखी देशाची शेपटी लावलेलं नाव राजकारणाच्या हाती जातं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो व्यावसायिकांचा डॉट ईयूवरचा हक्क संपला, हे खरंच. पण ती शेपटी वास्तव्याच्या किंवा नागरिकत्वाच्या अटीवर मिळते. डॉट इनला तशी अट नाही. परदेशी माणूसही ते घेऊ शकतो. म्हणूनच नुसतं डॉट इन दिसलं म्हणून दुकान खरं, असं मात्र समजू नये. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला लावलं ते याचसाठी, कारण तो कप्पा फक्त बँकांना खुला आहे. सवयीने लोक डॉट कॉमच टाइप करतात म्हणाल, तर हल्ली गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबून किंवा क्यूआर कोड स्कॅन करून येतं. पैसे असतील तर दोन्ही घ्यावीत.

शेपटीवर एवढा खल करणारी मंडळी नोंदणीच्या अर्जाकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. नोंदणीदाराच्या रकान्यात वेबसाइट बनवणाऱ्याचं नाव आणि त्याचाच ईमेल सर्रास असतो. नूतनीकरणाची आठवण त्याला जाते, नाव दुसरीकडे हलवायचा कोडही त्याच्याकडेच येतो. बिल मालक भरतो, पण कागदोपत्री हक्क त्या वेबसाइटवाल्याचा. आणि अशा वेळी लवादाकडे गेलात, तरी आधी स्वतःचाच हक्क सिद्ध करत बसावं लागतं.