अकरा महिन्यांचं झाड

घराच्या बागेत नजर खिळेल असं एकच झाड लावायचं, तर मी आजवर बहावाच लावत आलो. लातूरच्या काळ्या रानात तो तगतो, एकदा जीव धरला की पाणी मागत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, घरोघरची लॉन जळून गेली, तेव्हाही माझे जुने बहावे पिवळेधमक होते. रस्त्यानं जाणारा थांबून विचारायचा, "बाग कुणी केली हो?" त्या एका प्रश्नासाठी मी बहावा कायम फाटकाजवळ लावतो, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

घोडं अडतं ते बहर सरल्यावर उरलेल्या अकरा महिन्यांपाशी. पावसाळ्यात हिरव्या अळ्या पानांची चाळण करतात, पुढं हातभर लांब काळ्या शेंगा महिनोन्‌महिने लोंबतात आणि मार्चमध्ये नुसता खराटा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हा खराटा लपवणार कुठं? ताम्हण राज्यफूल म्हणून सगळ्यांनाच हवं असतं. पण ते ओलाव्याचं झाड, टँकरच्या पाण्यावर किती दिवस जगवायचं? गुलमोहर वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतो.

बागा करणाऱ्या नव्या मंडळींनी हा प्रश्नच निकालात काढलाय. नांदेडवरून गेलेली गोदावरी राजमहेंद्रीला पोचते. तिथं जवळच्या कडियमहून तयार पाम ट्रकनं उलटे इकडं येतात. संध्याकाळपर्यंत बाग उभी! तांबड्या मातीचा घट्ट गोळा तसाच आपल्या काळ्या मातीत पुरतात. दोन्ही माती एकजीव होत नाहीत, मुळं गोळ्यातच घुटमळतात. आणि पामाखाली खाट टाकून कोण कधी झोपलंय?

गुडघे बोलायला लागल्यापासून खड्ड्यात भाचा उतरतो. परवा नांदेडला एका घरी मी फाटकापाशी फक्की मारत होतो, तर हा थेट स्वयंपाकघरात. "काकू, दिवसभर तुम्ही कुठं उभ्या असता?" ओट्यासमोरच्या खिडकीतून नेम धरून त्यानं जागा काढली. म्हणाला, "मामा, इथं बकुळ."

बारमाही हिरवी, गच्च, वाळल्या फुलालाही वास. खोट काढायला जागा नव्हती. पण बकुळ वाढते किती सावकाश! ती डोळ्यांत भरेल तेव्हा "कुणी लावली?" हे ऐकायला मी असेन का? शिवाय खिडकीमागची बकुळ रस्त्यावरून दिसत नाही.

बकुळ लावली, काकू खूश झाल्या. पुढचं काम लातुरात आहे, घर अगदी रस्त्याला लागून. तिथं जागा बघायला मी एकटाच जाणार आहे.