आजीच्या वाटीचं माप

लग्नाच्या पंगतीचा अंदाज बांधणं मला जमतं. पाचशे पानांना डाळ किती, वांगी किती, बट्ट्यांना पीठ किती, हे आता कागदावर मांडावंही लागत नाही. पण ऐंशी ओलांडलेल्या, तोंडात मोजके दात उरलेल्या आणि घोटागणिक ठसका लागणाऱ्या एका बाईसाठी अर्धी वाटी जेवण रांधायचं, तर त्या अंदाजाचा काही उपयोग नसतो. गेला उन्हाळा मी या अर्ध्या वाटीवर काढला. ती बाई माझी आजी, आईची आई. गाव जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मामा दिवसभर शेतात. आजीकडे बघायला कोणीतरी हवं होतं. ऐन लग्नसराई धाकट्या भावावर सोपवली आणि मी गेलो.

म्हाताऱ्या माणसाला पातळ द्यावं, पातळ उतरायला सोपं, असं घरोघरी मानतात. आजीच्या बाबतीत नेमकं उलट होतं. जळगावच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी ते समजावून सांगितलं. पाणी किंवा पातळ वरण जिभेवरून झपकन मागे जातं. वय झालेल्या घशाला श्वासनलिकेचं दार मिटायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात चार थेंब चुकीच्या वाटेनं उतरतात. ठसका लागला तर बरं, निदान कळतं तरी. काहींना तोही लागत नाही, आणि पुढे न्यूमोनिया होतो तेव्हा कारण सापडत नाही. म्हणून अशा माणसाला थोडं दाट, सावकाश सरकणारं द्यायचं. बाईंनी आजीला बसवायचं कसं तेही दाखवलं. पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली; चमचा लहान; पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा पुढे करायचा नाही; जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही आणि चूळ भरून तोंड साफ करायचं.

दाट म्हणजे किती दाट, याचं मापही ठरलेलं आहे, हे मला नवीन होतं. आयडीडीएसआय नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात पेय आणि अन्नाच्या ० ते ७ अशा पायऱ्या पाडल्या आहेत. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. पेय तपासायला लागते ती १० मिलिलिटरची एक ठरावीक लांबीची सिरिंज. दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटानं दाबायचं, १० च्या खुणेपर्यंत पेय भरायचं, बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि आत किती उरलं ते पाहायचं. पाणी सगळं निघून जातं. ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर ती दुसरी पायरी, आजीला सांगितलेली. आम्ही आचारी पाकाची तार बोटांच्या चिमटीत बघतो, त्यामुळे ही रीत मला परकी वाटली नाही.

दुसऱ्या पायरीसाठी बाजारातली पावडर आणावी लागली नाही, कारण आमच्याकडे आंबील आहे. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, जिरं आणि ठेचलेला लसूण घालायचा. चुलीवर पातळ वाटणारी आंबील निवल्यावर दाट होते, म्हणून सिरिंज लावायची ती पिण्याच्या वेळी, शिजवताना नाही. आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली ती प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी. लाळेत पिष्ट पचवणारं द्रव्य असतं. उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडाला की ते द्रव्य आंबिलीत उतरतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दाट आंबील पाणचट होऊन बसते. शेवटच्या घोटांनाच ठसका का लागतो, याचं एक कारण हे. उपाय साधा: मोठं भांडं बाजूला ठेवायचं आणि लहान वाटीत थोडं थोडं ओतत राहायचं.

त्याहून फसवं प्रकरण म्हणजे एका घासात दोन जातींचं अन्न. आजीचा जन्म भाकरी दुधात नाहीतर पातळ भाजीत कुस्करून खाण्यात गेला. पण त्यात दूध आधी घशात उतरतं आणि भाकरीचे तुकडे तोंडातच राहतात. घशानं कोणाकडे बघायचं? मग भाकरी कुस्करून त्यात दूध मुरेपर्यंत झाकून ठेवायची आणि वर सुटं राहिलेलं दूध निथळून टाकायचं. बट्टीचंही तसंच. वरण-बट्टीशिवाय खानदेशी माणसाचं समारंभाचं जेवण होत नाही, आणि आजीला बट्टी नको म्हणणारा मी कोण? चांगली शिजलेली, तळायच्या आधीची बट्टी मी हातानं चुरायचो. चुऱ्यातला मोठ्यात मोठा कण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढा, म्हणजे ४ मिलिमीटरचा. त्याहून मोठा दिसला की बोटांनी दाबून मोडायचा. त्यावर तूप, मग दाट वरण, आणि ते आत जिरेपर्यंत वाट बघायची. वांग्याची भाजी बिया आणि साल काढून वेगळी घोटायची. वेगळीच. सगळं एकत्र मिक्सरमधून फिरवलं की ताटात तपकिरी लगदा उरतो. तो लगदा गिळता येतो, पण त्याला जेवण म्हणता येत नाही. घोटलेलं वांगं वांग्यासारखं लागलं पाहिजे आणि वरण वरणासारखं.

चवीचा प्रश्न मोठा होता. वयाबरोबर नाक मंदावतं, आणि चव म्हणून आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं नाकाचंच काम असतं. घास चावताना त्याचा वास तोंडातून मागच्या मागे नाकात चढतो. ज्याला चावताच येत नाही त्याच्या नाकापर्यंत तो वास पोचायचा कसा? त्यात रक्तदाबामुळे मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि आजी तर पहिल्या घासाला विचारायची, "मीठ विसरला का रे भाऊ?" म्हणून फोडणी मी ताटाजवळ आणली. ती खुर्चीवर बसली, वाटी समोर आली, की मग लहान कढल्यात तेल तापवायचं. लसूण, जिरं, हिंग त्यात पडताना तिला चरचर ऐकू आली पाहिजे, वास गेला पाहिजे. आणि ती फोडणी गाळून वाटीवर फक्त तेल सोडायचं. जिऱ्याचा दाणा, कढीपत्त्याचं पान, मोहरी घशात चिकटून बसतात. चव तेलात उतरलेलीच असते. मिठाची उणीव भरून काढायला कैरीचा आंबटपणा कामाला येतो. उन्हाळ्यात कैरी दारात असते.

तिखटाबद्दल मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. म्हातारं माणूस म्हटलं की आधी तिखट बंद होतं. खानदेशात जन्मभर काळा मसाला खाल्लेल्या बाईचं तिखट बंद करणं म्हणजे तिची भूकच बंद करणं. थेरपिस्ट बाईंना विचारलं तर त्यांनी आणखी पुढची गोष्ट सांगितली. मिरचीत तिखटपणा आणणारं कॅप्सायसिन गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया लवकर जागी करतं, असं जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं होतं. पथ्य मिरचीचं नाही, मिरचीच्या रूपाचं आहे. वरून भुरभुरलेली कोरडी पूड आणि तवंगावर तरंगणारा मसाला श्वासाबरोबर उडतो आणि ठसका देतो. तोच मसाला कांदा-खोबऱ्याबरोबर गंधासारखा बारीक वाटून, तेलात परतून रश्शात एकजीव केला तर काही त्रास देत नाही. शेंगदाण्याचंही तसंच. दाण्याचं कूट तोंडात रवाळ पसरतं. पाण्याचा हात लावून पाट्यावर वाटलेले दाणे मऊ उतरतात, आणि वर प्रथिनं देतात. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम प्रथिनं हवीत. चाळिसेक किलोच्या आजीची चाळीस ग्रॅमची भरती दोन जेवणांत होणं शक्य नव्हतं, म्हणून दिवसाची पाच-सहा लहान खाणी केली: उडदाचं दाट वरण, दह्याचा चक्का, वाटलेल्या दाण्यांची आमटी. एकादशीला साबुदाणा टाळला, कारण तो गोंदासारखा टाळूला चिकटतो. त्याऐवजी भगर, मऊ शिजवून, दाण्याच्या आमटीत मुरवलेली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते कुरडयांनी. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे वाळवणं: पापड, बिबडे, कुरडया. मामी चालू शकत नव्हती म्हणून या वर्षी काही करायचं नाही असं ठरलं होतं. ते आजीला कळलं आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते लवकर आंबतात, म्हणून पातेलं घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, माठाजवळ. चौथ्या दिवशी वाटून, फडक्यातून पिळून चोथा काढायचा आणि दूध रात्रभर ठेवायचं. सकाळी वर पिवळसर निवळ, खाली पांढराशुभ्र चीक. निवळ ओतून चीक वाटीनं मोजायचा आणि तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळत ठेवायचं. आजीची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात मांडली होती. मी चीक धारेनं सोडत होतो, एका हातानं घोटत होतो, आणि ती तिथून हुकूम देत होती. "हात थांबवू नको, गाठी होतील." "आच कमी कर." "अजून कच्चा आहे, पांढरा दिसतो." चिकाचा पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली तेव्हा ती म्हणाली, "आता उतरव." पाचशे पानांचा आचारी मी, पण ती झाक दारातून तिला आधी दिसली.

सोऱ्यात भरायच्या आधी तिच्यासाठी वाटीभर चीक वेगळा काढला. कुरडईचा चीक घट्ट असतो, तसाच दिला तर टाळूला धरून बसेल. म्हणून त्यात आणखी गरम पाणी घालून घोटला, भरपूर तूप घातलं, थोडी साखर. चमचा कलता केला तर गोळा आपसूक घसरला पाहिजे आणि चमच्यावर फारसं काही उरू नये, अशी परीक्षा बाईंनी शिकवली होती. चीक त्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उतरला. कण नाही, रेषा नाही, सुटं पाणी नाही, आणि तोंडात धरून ठेवता येईल एवढा घट्ट. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी याहून चांगला पदार्थ कोणत्याही आहारतज्ज्ञाला नव्यानं शोधावा लागणार नाही. पूर्वी वाळवणाच्या दिवशी घरातली पोरं आणि म्हातारी माणसं चिकाच्या पातेल्याभोवती बसायची, बिबड्यांच्या दिवशी घाट्याभोवती. कुरडया वर्षभर टिकतात, पण ताजा चीक त्या सकाळपुरताच. आजी वाटी पुसून जेवली आणि मग गच्चीवर कुरडया नीट गोल पडल्या का, ते तिनं मामाला बघून सांगायला लावलं.

त्या दिवसापासून मी सकाळी एक काम पक्कं केलं. भाजी निवडायच्या आधी तिच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, आज काय करू? कधी ती दोन पदार्थ सांगायची, कधी "तुला येतं ते कर" म्हणून उडवून लावायची. मसाला भाजून झाला की चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवायचा. ती वास घ्यायची, मान हलवायची किंवा नाही हलवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या तेव्हा आमरसाचा आंबा कोणता आणायचा हे तिनंच ठरवलं. गावठी आंब्याला रेषा फार, तो रस मी दोनदा गाळला, पण हापूस आणला नाही. कारण तिला आखाजीला जो रस हवा असतो तो त्या रेषाळ आंब्याचाच. बर्फ घातला नाही. बर्फ, कुल्फी तोंडात विरघळली की तिचं पाणीच होतं. माठावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला रस पुरेसा गार लागतो. पाण्याची आठवणही मीच द्यायचो. म्हातारपणी तहान कमी लागते. ऊन तेवढंच असलं तरी शरीर मागत नाही. दर तासाला आंबील, दाट केलेलं पन्हं, ताक यांतलं काहीतरी दोन-चार घोट.

उन्हाळ्याअखेर तिचं वजन थोडं वाढलं, ठसके कमी झाले. पथ्याचं जेवण बेचव असतं ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि माझ्या धंद्याच्या वतीनं सांगतो, तो दोष पथ्याचा नाही, रांधणाऱ्याचा आहे. घट्टपणा मोजता येतो, कण मोडता येतो, फोडणी गाळता येते. हे सगळं घरच्या भांड्यांत, एका सिरिंजेवर आणि एका काट्यावर भागतं. तुमच्या घरात जेवताना कोणाला वारंवार ठसका लागत असेल, पाणी पिताना आवाज ओलसर होत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. गिळण्याची तपासणी करून घ्या आणि पायरी विचारून घ्या. आणि मिक्सरचं बटण दाबायच्या आधी त्या माणसाला विचारा, आज काय खायचंय. उत्तर बट्टी असेल, तर बट्टीच करा.