आजीचा शाळिग्राम

आमचें पोशीर गांव कर्जत तालुक्यांत त्याच नांवाच्या नदीच्या कांठीं वसलें आहे. पश्चिमेस माथेरानचा डोंगर, पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि मध्यें भाताचीं खाचरें. एवढेंच आमचें जग. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस याहून फार जुन्या जगाचें वेड लागलें, आणि त्या वेडापायीं आमच्या हातून जो अपराध घडला तो येथें प्रांजळपणें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वेडाचें मूळ म्हणजे 'पोकेमॉन' हा खेळ. तो जपानांत १९९६ सालीं प्रथम निघाला. त्यांत नाना तऱ्हेचे चमत्कारिक प्राणी पकडावयाचे, वाढवावयाचे व एकमेकांशीं झुंजवावयाचे असतात. यांपैकीं कांहींची जात पूर्वींच बुडालेली असून त्यांचे केवळ अश्मावशेष मिळतात. एका डोंगराच्या गुहेंत असे दोन दगड पुढें येतात, व त्यांतील एकच उचलतां येतो. आम्हीं वेटोळ्याचा उचलला. तो दूरच्या बेटावरील प्रयोगशाळेंत नेऊन दिला, कीं त्यांतून जिवंत ओमानाइट बाहेर येतो. त्याचें अंग निळें, भुजा दहा, आणि पाठीवर वळणावळणाचा शंख. मोठेपणीं त्याचा ओमास्टार होतो. आणि खेळांतील टिपण सांगतें कीं, शंख फार जड झाल्यामुळें त्यास भक्ष्य धरतां येईना, म्हणून तो नामशेष झाला.

खेळांत जें मिळतें तें आमच्या नदींत कां मिळूं नये? हातोडी घेऊन आम्ही व आमचे दोन सोबती महिनाभर कोरडें पात्र धुंडाळीत होतों. शेंकडों काळे दगड फोडले. कांहींच्या पोटांत शुभ्र स्फटिक निघाले. प्राणी मात्र एकही निघाला नाहीं.

शाळा उघडल्यावर शास्त्राच्या गुरुजींस ते स्फटिक दाखविले. गुरुजी हंसून म्हणाले, "अरे, आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तो थरावर थर असा वाहिला. तापलेल्या रसांत शंख कोठून टिकणार? मात्र दोन थरांच्या मध्यें एखाद्या तळ्याचा गाळ सांपडला तर गोष्ट निराळी. मुंबईस वरळीच्या टेकडींत तशा गाळांत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि ओवेन नांवाच्या इंग्रज पंडितानें १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें." नंतर त्यांनीं पुस्तक उघडून ओमानाइटाचा खरा पूर्वज दाखविला. त्याचें नांव अ‍ॅमोनाइट. तो समुद्रांत राहणारा व माकूल-म्हाकुलांच्या गोतांतला.

तें चित्र पाहतांच आम्ही चपापलों. तेंच चक्र आम्ही जन्मापासून आमच्या देवघरांत पाहत होतों! आजीच्या ताम्हनांतला शाळिग्राम तो हाच. गुरुजींनींही मान डोलविली. नेपाळांत गंडकी नदीच्या पात्रांत हे काळे गोटे मिळतात. आज जेथें हिमालय उभा आहे तेथें पूर्वीं समुद्र होता. त्याच्या चिखलांत हे शंख रुतले, चिखलाचा दगड झाला, समुद्रतळ उचलला जाऊन पर्वत झाला, आणि नदीनें तो दगड झिजवून खालीं आणिला. ज्या सुमारास आमच्या डोंगरांचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास अ‍ॅमोनाइटांचा वंश संपला. त्या काळीं मेक्सिकोच्या बाजूस एक प्रचंड अशनिही कोसळला होता. शंख जड झाल्याची गोष्ट खेळापुरतीच खरी.

आणखी एक मौज ऐकिली. २०१४ सालीं जगभरच्या लाखों लोकांनीं मिळून हा एकच डाव खेळला, आणि त्यांनीं त्या वेटोळ्याच्या दगडास थट्टेनें देव ठरविलें. आमची आजी मात्र थट्टा करीत नव्हती. तिच्या आजेसासऱ्यांनीं काशीयात्रेहून आणिलेल्या त्या शाळिग्रामावर ती नित्य तुळशीपत्र वाही.

आतां अपराध सांगतों. सोबत्यांस खात्री पटावी म्हणून आषाढांतील एका सकाळीं आम्हीं तो न विचारतां खिशांत घातला. साकवावर उभे राहून एका हातीं शाळिग्राम व दुसऱ्या हातीं मोबाइलवरील ओमानाइट असे शेजारीं धरले. पाऊस लागला होता, हात ओले होते. शाळिग्राम निसटला. खालीं गढूळ पाणी दोन्ही थडी भरून चाललें होतें. पडल्याचा आवाजही ऐकूं आला नाहीं. खेळांत चूक झाली तर जपून ठेविलेला मागचा डाव पुन्हां उघडतां येतो. त्या क्षणीं आमचा अंगठा खरोखरच त्या खुणेकडे वळला, हें लिहितांना लाज वाटते.

घरीं येऊन आम्हीं सर्व सांगितलें. आजी पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "नदीतून आला होता, नदींत गेला. त्याचें मला एवढें नाहीं रे. पण तूं विचारलें असतेंस तर मीं माझ्या हातानें दाखविला असता." आईनें रागें भरलें असतें तर बरें वाटलें असतें.

कार्तिकांत पाणी ओसरल्यावर आम्हीं तिघांनीं तीन रविवार पात्र शोधिलें. काळे, गोल, गुळगुळीत दगड हजारों. प्रत्येक उचलून उलटा करून पाहिला, चक्र कशावरही नव्हतें. तुळशीच्या लग्नास आजीनें बाळकृष्ण वर म्हणून उभा केला. ताम्हनांतली ती जागा तिनें अद्याप मोकळी ठेविली आहे.

लाखों वर्षांनीं एखाद्या पंडितास पोशीरच्या लाव्ह्याच्या गोट्यांत समुद्रांतला शंख सांपडेल, आणि तो येथें कसा आला म्हणून तो बुचकळ्यांत पडेल. त्यास उत्तर मिळावें म्हणून ही हकीकत लिहून ठेविली आहे. तत्पूर्वीं, नदीवर जाणाऱ्या वाचकांपैकीं कोणास चक्राचा काळा गोटा दिसल्यास त्यानें तो फोडूं नये. कृपा करून पोशिरास आमच्या आजीकडे पोंचता करावा, ही नम्र विनंती.