मालवणचे ‘चाचे’ : एका आरोपाचा इतिहास

१/ ‘आरोप’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वर ठेवणे, चढवणे’. वृक्षारोपणातले ‘आरोपण’ तेच. न्यायालयीन मराठीत माणसावर ‘दोषारोप’ ठेवला जातो. सिद्ध होईपर्यंत तो वर ठेवलेलाच असतो, त्या माणसाचा होत नाही. इतिहासात मात्र काही दोषारोप खटल्यावाचूनच चिकटून राहिले. त्यांतला एक माझ्या गावावर आहे : चाचेगिरी.

२/ अठराव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत मालवणच्या लोकांचे नाव चाच्यांच्या एखाद्या टोळीचे असावे तसे येते. मी मालवणात वाढले. ते वाचताना राग येतोच. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला रागापाशी थांबता येत नाही. आरोपाची व्याख्या आधी पाहावी लागते.

३/ १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. पुढच्या वर्षी त्याच्या साथीदारांवर लंडनमध्ये खटला चालला. चाचेगिरी म्हणजे समुद्रावरील दरोडा, असा अर्थ तेथे ज्यूरीला सांगण्यात आला. पहिल्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष ठरवले. तेव्हा दुसरा दोषारोप ठेवून पुन्हा खटला चालवला गेला आणि त्यांना फाशी झाली.

४/ दरोडा हा व्यक्तीचा गुन्हा. राज्य करते ते युद्ध किंवा करवसुली. सिंधुदुर्गाची उभारणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केली. पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. म्हणजे ज्यांना कंपनी चाचे म्हणत होती, त्यांच्यामागे गादी होती, किल्ला होता, निशाण होते.

५/ मग वाद कशाचा? परवान्याचा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत आणि तो नसलेली जहाजे पकडत. कंपनीही आपले परवाने देऊ लागली. विजयदुर्ग-कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांचे दस्तक मागितले, तेव्हा मात्र ती चाचेगिरी ठरली. कृत्य तेच, कागदावर शिक्का कोणाचा, एवढाच फरक.

६/ कंपनीचे वर्तनही बोलके आहे. १७६५ मध्ये तिने सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढे रक्कम ठरवून तो कोल्हापूरला परत केला. १८१२ मध्ये कोल्हापूरशी तह करून मालवण बंदर मिळवले. दरोडेखोराला पकडतात, त्याच्याशी तह करत नाहीत.

७/ तरीही एक साक्षीदार उरतो. ज्याचे गलबत मालासकट गेले, त्या व्यापाऱ्याला दस्तकाच्या तत्त्वाने काय दिलासा मिळणार? पकडलेले प्रत्येक गलबत नियमाने पकडले असेल, असे गृहीत धरता येत नाही. ‘चाचे’ खोडून सरसकट ‘वीर’ लिहिणे हाही खटल्यावाचून दिलेला निकालच होय.

८/ १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात चाचेगिरीसाठी ‘खासगी हेतू’ ही अट आहे. भारतात मात्र या गुन्ह्यासाठी बराच काळ स्वतंत्र कायदा नव्हता. १९९९ मध्ये ‘अलोन्ड्रा रेनबो’ हे पळवलेले जपानी मालकीचे जहाज अरबी समुद्रात पकडले गेले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना सोडले. स्वतंत्र कायदा संसदेत संमत झाला तो २०२२ मध्ये. ज्या किनाऱ्यावर हा शब्द इतका स्वस्तात वापरला गेला, तिथे त्याची कायदेशीर व्याख्या यायला एवढी वर्षे लागली!

९/ माझ्या प्रबंधात मी ‘चाचे’ हा शब्द गाळलेला नाही. तो कोणी, कोणाविरुद्ध आणि कोणत्या वर्षी वापरला, हे प्रत्येक ठिकाणी नोंदवते. मालवणच्या खलाशांवर दोषारोप ठेवला गेला; त्यांना उत्तर द्यायला न्यायालय मिळाले नाही. फिर्यादीच्या टिपणालाच निकालपत्र समजून वाचायचे नाही, एवढे आपल्या हाती आहे.