इथल्या मानाने बरा पगार

पुण्याजवळ भोसरीत माझ्या वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटरचा पगार दर दिवाळीला वाढवावा लागायचा. लातूरला तेच काम बऱ्याच कमी पगारात करणारी पोरं मिळतात असं कळलं आणि मी तिथल्या एमआयडीसीत शेड भाड्याने घेतली. कागदावरचा हिशेब इतका गोड होता की तो कुणाकडून तपासून घ्यावा असंही वाटलं नाही.

पगार स्वस्त म्हणजे जॉब, मशीनवरून निघणारा तयार भाग, स्वस्त, असं मी धरून चाललो. भोसरीत कटिंग टूलचा इन्सर्ट तुटला की पोरगा मोटरसायकलवर जाऊन अर्ध्या तासात नवा आणतो. लातूरला स्पिंडलचं बेअरिंग गेलं की ते पुण्याहून रात्रीच्या बसने यायचं. तोवर मशीन बंद, ऑपरेटर बसून. हात त्याचाही तेवढाच चालायचा, पण शिफ्टअखेर जॉब कमी भरायचे. मी मात्र फोनवर पार्टनरला सांगत होतो, 'इकडची माणसं संथ आहेत.'

त्याहून महागात पडलं ते पगाराचं गणित. शिकवून तयार केलेल्या पोरांना मी 'इथल्या मानाने बरा' पगार देत होतो. इथलं मान म्हणजे कोण, तर कापडदुकानातला नोकर आणि सोयाबीनच्या राशीवरचा मजूर. ऑफसेट टाकायला, प्रोग्रॅम दुरुस्त करायला आलं की त्या पोराची बरोबरी त्यांच्याशी राहत नाही, चाकणच्या कारखान्यांतल्या ऑपरेटरशी होते. चांगले दोघं तिकडेच गेले. जे राहिले ते घरची जमीन, आईचं दुखणं यांत अडकलेले होते, आणि त्यांची ती अडचण मी माझ्या नफ्यात धरली होती.

'गावात खर्च कमी' हेही मी ऐकवायचो. घरभाडं कमी, खरंच. पण मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीचा हप्ता लातूर म्हणून कमी होत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात तर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसं टँकरसाठी खाडे करत होती आणि मी खाड्याचे पैसे कापत होतो.

सरकारी दरांतही हीच तऱ्हा. रोजगार हमीची २०२४-२५ची मजुरी हरियाणात ३७४ रुपये, महाराष्ट्रात २९७, मध्य प्रदेशात २४३. फावडं सगळीकडे सारखंच. राज्याराज्यांतल्या शेतमजुरीच्या जुन्या दरांवर महागाई चढवत हे आकडे आले, त्यामुळे जिथे तेव्हा कमी होतं तिथे इतक्या वर्षांनीही बहुतेक कमीच राहिलं. माझ्या पगारपत्रकात मीही दुसरं काय केलं होतं?

पुढे ऑफसेट-प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सेटर लोकांना भोसरीच्या जवळपास पगार दिला, इन्सर्ट-बेअरिंगचा साठा शेडमध्येच ठेवला. आता लातूरचा जॉब थोडा स्वस्त पडतो. वाचतं ते बहुतेक शेडच्या भाड्यात.