जिवाणी सोडली का?



पर्युषण पर्व संपलं, क्षमावाणी झाली. मोबाईलवर फुलांचे आणि दिव्यांचे शंभरेक "उत्तम क्षमा" आले, तितकेच मीही पाठवले. ज्यांच्याशी वर्षभरात भांडण तर सोडाच, साधं बोलणंही झालं नाही, त्यांचीही क्षमा मागून झाली. जिची खरोखर मागायला हवी होती ती मात्र राहून गेली, कारण ती बाई आता या जगात नाही. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

निमित्त झालं आमच्या नातीचं. सातवीत आहे. रविवारी पाठशाळेत पाणी गाळण्याचा पाठ झाला. घरी आली आणि भिंतीवरच्या आर.ओ. मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, यातली जिवाणी कुठं सोडायची?"

मुलगा हसला. सूनबाई म्हणाली, "अगं, त्यात काही राहतच नाही, सगळं मरतं." पोरगी म्हणाली, "मग आपण तर म्हणतो की मारायचं नाही." मी पोळी लाटत होते. मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला दुसराच एक आवाज ऐकू आला. "सोडली का गं जिवाणी?"

तो आवाज माझ्या सासूबाईंचा. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

मी 1982 साली लग्न होऊन सिद्धेश्वरला आले. बी.कॉम. झालेली मुलगी, माहेरी परभणीत नळ. इथं घरामागे आड, त्यावर रहाट, आणि सकाळी सहा वाजता आत्याबाई गाळणं घेऊन उभ्या. गाळणं कसं असावं याचेही त्यांचे नियम होते. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, जाड खादीचं, दुहेरी घडीचं. उजेडाकडे धरलं तर सूर्य आरपार दिसता कामा नये. पाणी घागरीत गाळून झालं की गाणं उलटं करायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. गाळलेल्याच पाण्याच्या धारेनं गाळण्यातले जीव अलगद एका भांड्यात उतरवायचे. ती झाली जिवाणी.

ती परत त्याच आडात सोडायची, आणि वरून ओतायची नाही. त्यासाठी आत्याबाईंकडे एक छोटी पितळी बादली होती. तिच्या बुडाला बाहेरून एक कडी, त्या कडीला दुसरी दोरी. बादली सावकाश खाली न्यायची, पाण्याला टेकली की बुडाची दोरी ओढायची. बादली पाण्यातच उपडी होते आणि जीव आपल्या घरी जातात. पहिल्या दिवशी मी सरळ वरून भांडं उपडं केलं, तर त्या म्हणाल्या, "पोरी, तुला कुणी माळवदावरून खाली टाकलं तर?" रागावल्या नाहीत. पण ते वाक्य मला अजून आठवतं.

गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं चालतं. लवंग टाकून प्रासुक केलं तर दोन प्रहर. उकळलं तर चोवीस तास. मी कॉमर्सची, मला हे हिशेब लगेच पाठ झाले. पण पाठ होणं वेगळं आणि पाळणं वेगळं.

आत्याबाईंचं माहेर धरणात गेलेलं. आपलं सिद्धेश्वर धरण म्हणजे सहा किलोमीटरहून लांब मातीची भिंत. वरच्या अंगाला येलदरी, खाली हे, दोन्ही पूर्णा नदीवर. 1968 च्या सुमारास दोन्ही पुरी झाली. कालवे निघाले, हिंगोली, परभणी, नांदेडकडची शेतं भिजली. ज्यांची शेतं भिजली त्यांच्यासाठी धरण म्हणजे लक्ष्मी, आणि होतीच. पण ज्यांची घरं पाण्याखाली गेली, त्यांनी काय काय सोडलं ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. आत्याबाई कधी रडल्या नाहीत. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की म्हणायच्या, "आमच्या आडाचा कठडा दिसत असंल आता." आम्ही कुणी त्यांना तिथं नेलं नाही. दुकान, मुलं, मागणी-उधारीच्या वह्या, वेळ कुणाला होता?

त्यांच्या लहानपणी माहेरच्या गावात पायाला नारू व्हायचा. हातभर लांब दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर पडायचा, माणूस महिना महिना खाटेवर. आमच्यापैकी कुणाला झाला नाही, असं त्या अभिमानानं सांगायच्या आणि श्रेय गाळण्याला द्यायच्या. मी मनात म्हणायचे, असेल योगायोग. पुढं वाचलं तेव्हा कळलं, नारूचं बी पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटातून आपल्या पोटात जातं, आणि तो किडा कापडात अडकतो. भारतातून नारू गेला, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसं जाहीर केलं. त्या मोहिमेतलं एक मोठं हत्यार साधं कापडी गाळणंच होतं. बांगलादेशात मतलब भागातल्या 65 गावांत बायकांना जुन्या साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला शिकवलं, तर पटकीचे रोगी निम्म्याच्या आसपास कमी झाले. 2003 साली ते छापून आलं. आपल्या बायका हे जीवदयेसाठी करत आल्या, आणि त्यातून आपलेही जीव वाचले.

मग आमच्याकडे नळ आला. धरणाचं पाणी. आडाचं पाणी वापरायला, नळाचं प्यायला. मी म्हटलं, सुटलो. पण आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं?" मी म्हटलं, आडात सोडू. त्या म्हणाल्या, "तिथलं पाणी वेगळं, इथलं वेगळं. परक्या पाण्यात ते जगतील का? ज्याचं त्याच्या घरी गेलं पाहिजे." धरणानं स्वतःचं घर नेलेल्या बाईचं ते बोलणं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, त्या चरवी घेऊन कॅनॉलवर जायच्या. काठावर बसून चरवी पाण्याला टेकवून सोडायच्या. रस्त्यातल्या बायकांना वाटायचं, काकू कुठला तरी प्रसाद नेतात.

काही वर्षांनी त्यांचे गुडघे गेले, आणि चरवी माझ्या हातात आली.

सख्यांनो, पहिले काही महिने मी इमानदारीनं गेले. मग एक दिवस पाऊस होता. एक दिवस मुलाची परीक्षा. एक दिवस दुकानात साखरेची पोती उतरवायची होती. त्या दिवशी मी चरवी मोरीत ओतली. पाणीच ते, जमिनीतच जाणार, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगावंही लागलं नाही. रोज रात्री दिवा लागला की आत्याबाई खाटेवरून विचारायच्या, "सोडली का गं जिवाणी?" मी म्हणायचे, "सोडली, आत्याबाई."

दोन वर्षं. हिशेबाची सवय म्हणून सांगते, सातशेच्या वर वेळा.

एका उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, "सोडली का?" मी म्हटलं, "सोडली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "कॅनॉलची पाळी तर संपली ना गं? हे सकाळी म्हणत होते, कॅनॉल कोरडा पडलाय. मग कुठं सोडलीस?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "डबकं आहे एक, तिथं." त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी विचारलं नाही. आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. रोजची कटकट गेली असं वाटलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे कळायला मला स्वतःला साठी ओलांडावी लागली. घरातल्या बायका रागावल्या तर बरं असतं. विचारणं सोडतात, तेव्हा समजावं की आपलं नाव त्यांनी खात्यातून खोडलं.

आता त्या मशीनकडे येते. तीन वर्षांपूर्वी मुलानं बसवलं. बाटल्या आणि जार घेण्यापेक्षा बरं, म्हणून मीही काही बोलले नाही. नातीच्या प्रश्नानंतर मात्र मी मशीनच्या बाहेर जाणाऱ्या नळीखाली बादली लावली आणि आठ दिवस मोजमाप लिहून ठेवलं. एक हंडा प्यायला मिळतो तेव्हा तीन हंडे बाहेर जातात. आम्ही पाच माणसं, प्यायला आणि स्वयंपाकाला 20 लिटर लागतं, म्हणजे 60 लिटर मोरीत. वर्षाचे 21,900 लिटर. जलजीवन मिशनमध्ये सरकारनं माणशी दिवसाला 55 लिटर धरलंय. म्हणजे आमचं मशीन रोज एका माणसाच्या वाट्याहून जास्त पाणी मोरीत घालत होतं.

हेच मराठवाडा, ज्यात एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आम्ही टीव्हीवर ती गाडी बघून हळहळलो होतो.

जिथं पाणी खारट आहे, तिथं हे मशीन लागतं, मी नाही म्हणत नाही. पण मेकॅनिकनं आमचं पाणी मोजलं तर क्षार 300 च्या आत. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानं सरकारला सांगितलं होतं की क्षार 500 च्या खाली असतील तिथं आर.ओ.ला बंदी घाला. दुकानदार हे सांगत नाही. शुद्ध पाण्याची आपल्याला इतकी भीती घातली आहे की धरणाच्या भिंतीखाली राहणारी माणसं जार विकत घेतात. गावातल्या टाकीत औषध वेळेवर टाका, पाइप फुटलेला जोडा, हे ग्रामपंचायतीला विचारायचं सोडून आपण घरोघरी मशीन लावली. ज्याला परवडतं त्याचं पाणी शुद्ध, उरलेल्यांनी काय ते बघावं. ही माझी तक्रार मशीनवर नाही, आपल्यावर आहे.

मुलाशी दोन दिवस वाद झाला. तो म्हणाला, "आई, पोटं बिघडली तर?" बरोबर आहे त्याचं. कापडानं गाळल्यानं सगळे रोगजंतू जात नाहीत. मी म्हटलं, गाळू आणि उकळू. उकळलेलं चोवीस तास चालतं हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय, आणि डॉक्टरही तेच सांगतात. मशीन बंद केलं, काढलं नाही. सूनबाईनं स्वतः खादीचं कापड आणलं.

दुसरा वाद आडाचा. गाडी लावायला जागा हवी म्हणून आड बुजवायचं ठरत आलं होतं. मी पहिल्यांदाच या घरात "नाही" म्हटलं. मजूर लावून गाळ काढला, वर लोखंडी जाळी बसवली. आठ महिने पाणी राहतं त्याला. गाडी रस्त्यावर लागते, लागू दे. मुनी-माताजींचा विहार इकडून झाला की आहाराला आडाचं पाणी शोधत लोक फिरतात, आता आमच्याकडे आहे.

आत्याबाईंची कडीची बादली माळ्यावर सापडली. कडी झिजली होती, औंढ्याला नेऊन डाग लावून आणला. आता नात दोरी धरते. तिला बादली उपडी होण्याची गंमत वाटते, मला तेवढंही पुरे आहे. नळाच्या पाण्याची जिवाणी मी चरवीत ठेवते आणि हे स्कूटरवरून मला कॅनॉलवर सोडतात. कॅनॉल कोरडा असला तर धरणापर्यंत जातो.

एका माताजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, ते चालू आहे. पण त्यांनी एक विचारलं, "तुमच्या घरात आता अशी कुणी आहे का, जी तुम्हाला विचारायचं सोडून बसली आहे?" मी घरी येऊन पुष्कळ विचार केला. मग सूनबाईजवळ बसले आणि तिला विचारलं, मशीनचा निर्णय मी तुझ्यावर लादला का? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हो, थोडा लादलात." आम्ही त्यावर बोललो. सकाळचं गाळणं आता एक दिवस ती, एक दिवस मी करते.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जणी जिवाणीचं काय करता, मला माहीत नाही, आणि मी कुणाला दोष द्यायला बसले नाही. सातशे वेळा मोरीत ओतलेली बाई कुणाला काय शिकवणार? एवढंच सांगते, फुलांचा फोटो पाठवून झाला असेल तर घरातच एकदा बघा, कुणी विचारायचं बंद केलंय का. ती माणसं आहेत तोवर जा.

आत्याबाई, मी सोडत नव्हते. उत्तम क्षमा.